नाकापेक्षा टायर जड

आमच्या मेव्हण्याने जीप उचलली, हे कानावर आलं होतं. अर्थ मात्र दोन महिने उशिरा कळला. हिंगोलीकडे ‘उचलणे’ या क्रियापदाला सुट्टी म्हणून नसते. माणूस सोसायटीतून कर्ज उचलतो, कारखाना ऊस उचलतो, व्यापारी हळद उचलतो, कोणी वावगं वागला तर पोलीस त्याला उचलतात. मेव्हण्याने लिलावात एक जीप उचलली एवढंच आम्ही समजून चाललो होतो. दसऱ्याच्या दोन दिवस आधी मामी, म्हणजे माझ्या सासूबाई, बाजाराला जायला म्हणून जीपपाशी गेल्या. नेहमीच्या अंदाजाने त्यांनी पाय वर केला आणि तो टेकायला काही सापडेना. नऊवारीतला पाय तसाच हवेत धरून त्यांनी लेकाकडे पाहिलं.

“चारच इंच उचलली ना आई,” तो म्हणाला. “पाट्याखाली ठोकळे टाकले, शॅकल लांब केले. झालं.”

“मंग मला बी उचल,” मामी म्हणाल्या.

त्या दिवसापासून जीपमध्ये घडवंची असते. पाण्याचे हंडे ठेवायची, तीन पिढ्यांची सागवानी. मामींना चढायचं असलं की ती खाली ठेवायची, त्या बसल्या की आत घ्यायची. मेव्हण्याला याची फार लाज वाटते. त्याच्या मोबाइलवर जे व्हिडिओ येतात त्यांत आइसलँडातले लोक बर्फावरून गाड्या नेतात, आणि त्यांतल्या एकाही गाडीत घडवंची नसते.

जीपची थोडी ओळख करून देतो. महिंद्रा एमएम 540, 1995 सालची. 2112 सीसीचं डिझेल इंजिन, मुळात फ्रेंच प्यूजोच्या घराण्यातलं. अश्वशक्ती साठ-बासष्ट, आता त्यातले काही घोडे सेवानिवृत्त झाले असावेत. नंबर एमएच-22 चा, म्हणजे परभणीचा. हिंगोली जिल्हा झाला 1 मे 1999 ला, आणि एमएच-38 ही आमची स्वतःची पाटी त्यानंतरची. त्या हिशोबाने जीप आमच्या जिल्ह्यापेक्षा चार वर्षांनी थोरली आहे आणि वागतेही तशीच. एका सरकारी कचेरीत साहेब लोकांना फिरवून ती दमली, मग काही वर्षं कंपाउंडातल्या बाभळीखाली उभी राहिली, मग लिलावात आली. मेव्हण्याच्या बोलीवर कोणी बोली चढवली नाही, तेव्हाच त्याला शंका यायला हवी होती. पण 2023 च्या पावसाळ्यात हळदीचा भाव एकाएकी चढला होता आणि त्याने माल धरून ठेवलेला होता. हळदीचा पैसा अंगाला लागला की माणूस नवरदेवासारखाच वागतो.

जीप घरी आली तेव्हा तिला चार चाकं होती आणि चारही चाकांची जात वेगळी होती. एक जुना नायलॉन, एक रिमोल्ड, एक गोटा झालेला, त्यावर कंपनीचं नावही उरलेलं नव्हतं. चौथा बारकाईने पाहिला तर ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाचा निघाला, तीन उभ्या पट्ट्यांचा. हे कसं जमलं म्हणून विचारलं तर उत्तर साधं होतं. ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाचं माप 6.00-16 आणि जुन्या जीपचंही माप 6.00-16. कचेरीतल्या कोणा ड्रायव्हरने ऐन वेळी गावातून मिळाला तो टायर चढवला असणार. ट्रॅक्टरचा टायर तीस-चाळीसच्या वेगासाठी बनवलेला असतो, त्यावर साहेबांना घेऊन साठने जाऊ नये, हे कोणाला सांगणार! साहेब सुखरूप राहिले असावेत. तसं काही ऐकिवात नाही.

6.00-16 हा आकडा पाहिला की मला जरा भरून येतं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी फौजेची विलीज जीप याच मापाच्या टायरवर जगभर फिरली. 1947 मध्ये महिंद्रांनी त्याच विलीज जीपची जुळणी मुंबईत सुरू केली, आणि ते माप तिच्याबरोबर आलं. युरोप, आफ्रिका, ब्रह्मदेश फिरून आलेला आकडा शेवटी कयाधूच्या काठी येऊन ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकात स्थायिक झाला.

पण उचललेल्या जीपखाली तो शोभेना. मडगार्ड आणि टायर यांच्यामध्ये एवढी पोकळी दिसायला लागली की त्यात मांजर बसायचं. आखूड पायजमा घातलेला पैलवान जसा दिसेल तशी जीप दिसत होती. म्हणून टायर मोठे घ्यायचे ठरलं. कितीचे, एवढाच प्रश्न होता, आणि या ‘कितीचे’त पुढचे चार महिने गेले.

हिंगोलीत ज्या दुकानी आम्ही हा प्रश्न घेऊन गेलो ते दुकान म्हणजे एक पत्र्याचं शेड, एक कॉम्प्रेसर, पंक्चर शोधायला पाण्याचं अर्धं पिंप आणि एक बाकडं. मालकाला सगळे उस्ताद म्हणतात. टायर उघडताना टॉमीवर त्यांचा पाय असा पडतो की बघत राहावं. एक टॉमी कडेत घालून दाबायची, गुडघ्याखाली धरायची, दुसरी वीतभर अंतरावर घालायची, तिसरी फिरवत न्यायची. मिनिटाभरात टायर डिस्कवरून असा उतरतो जसा पोराच्या अंगातून सदरा. पोटात हात फिरवून ते खिळा शोधतात. डोळे मिटलेले असतात, नाडी बघणाऱ्या वैद्यासारखे.

“कितीचा टाकायचा?” मेव्हण्याने विचारलं.

“कशासाठी टाकायचा?” उस्तादांनी उलट विचारलं.

याचं उत्तर मेव्हण्याकडे नव्हतं. मी मध्ये पडून टायरवरचे आकडे काय सांगतात ते विचारलं, आणि तिथेच पहिला तास गेला.

टायरवर लिहिलेलं असतं, समजा, 235/75 आर 15. यातला 235 म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. 75 म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची, पण ती मिलिमीटरमध्ये नाही, रुंदीच्या टक्क्यांत. आर म्हणजे रेडियल. आणि 15 म्हणजे डिस्कचा व्यास, तो मात्र इंचात. एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच! जुना नायलॉन सगळं इंचात बोलतो आणि टक्केवारी सांगतच नाही, ती आपण समजून घ्यायची. आणि मोठाले जंगली टायर असतात, 31 गुणिले 10.5 वगैरे, ते पहिल्यांदा अख्खी उंची सांगतात, मग रुंदी. बाहेरच्या माणसाला हा वेडेपणा वाटेल, आम्हाला वाटला नाही. आमच्या सातबाऱ्यावर जमीन हेक्टर आणि आरमध्ये असते, भाऊबंदकी एकर आणि गुंठ्यांत होते, बांध कोरला जातो तो हातावर मोजून, आणि वकील फी घेतो ती तारखेवर. मापांचा घोळ आम्हाला वंशपरंपरेने समजतो.

हिशोब उस्तादांनी शेडच्या पत्र्यावर खडूने केला. 235 चे 75 टक्के 176. टायर वर आणि खाली दोन्हीकडे, म्हणून दुप्पट, 352. त्यात 15 इंच म्हणजे 381. बेरीज 733 मिलिमीटर, एकोणतीस इंचांना थोडी कमी. मग त्यांनी जुना नायलॉन उभा करून टेप लावला. तोही साधारण एकोणतीस.

“म्हणजे हा टाकला तर फरकच नाही,” मेव्हणा हिरमुसला.

“फरक हाये ना. हा नवा हाये.”

उस्तादांचा सल्ला सरळ होता. रेडियल 235 घ्या, जीप मऊ चालेल, दुनियाभर मिळतो. फारच हौस असेल तर 31 इंची घ्या, चार इंच उचललेल्या गाडीत तो आरामात बसतो, इंजिन कुरकुरेल पण ओढेल. त्याच्या पुढे जाऊ नका.

इथे मिटायला हवं होतं. पण बाकड्यावर तोवर मंडळी जमली होती. टायरच्या दुकानातलं बाकडं आणि ग्रामपंचायतीचा ओटा यांत फरक एवढाच की बाकड्यावर कोरम लागत नाही. एक म्हणाला, रुंद टायर घ्या, चिखलात रुतत नाही, उंटाचा पाय बघा. दुसरा म्हणाला, उंट वाळूत चालतो, आमच्या गाऱ्यात उंट घाला आणि मग बोला. तिसऱ्याने सांगितलं की मागचे दोन मोठे टाका, पुढचे राहू द्या, निम्म्या पैशात काम. ट्रॅक्टर नाही का तसाच असतो?

हा शेवटचा सल्ला मेव्हण्याला इतका पटला की त्याने खिशात हात घातला. उस्तादांनी तो अडवला. ट्रॅक्टरला चारही चाकांवर जोर दिलेला असेल तर पुढच्या लहान चाकांच्या हिशोबाने आतला गिअर वेगळा ठेवलेला असतो. जीपला तसं नाही. चाराचा गिअर टाकला की पुढचा आणि मागचा आख एकमेकांना बांधले जातात, आणि दोघांनी एका मिनिटात तेवढेच फेरे मारायचे असतात. एक चाक लहान, एक मोठं असेल तर एक पुढे जाऊ म्हणतं, दुसरं म्हणतं थांब. मातीत ते घसरून भांडण मिटवतात. डांबरावर घसरायला जागा नसते, मग पीळ बसत जातो आणि शाफ्टचा क्रॉस तुटतो, नाहीतर त्याहून महागाचं काही. चार भावांची एकत्र शेती चालवून पाहिलेल्या माणसाला हे दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही. मेव्हणा एकुलता एक आहे.

घरी आल्यावर मामांना, म्हणजे सासऱ्यांना, सगळं सांगितलं. मामांचं वय अठ्ठ्याहत्तर. त्यांनी शांतपणे सगळे आकडे ऐकले आणि विचारलं, “जावईबापू, बैलगाडीचं चाक कितीचं असतं?”

मी म्हणालो, “माणसाच्या छातीला लागतं एवढं.”

“ते कामून?”

मग त्यांनीच सांगितलं. चाक जेवढं मोठं तेवढा खड्डा लहान. लहान चाक खड्ड्यात उतरतं, मोठं चाक त्याच्यावरून जातं. हे सुताराला ठाऊक होतं आणि त्याने त्यासाठी कोणाला खडूने हिशोब करून दाखवला नाही. पण चाक मोठं म्हणजे उंचीला, रुंदीला नव्हे. धाव असते ती तीन बोटांची. चिखलातून ती खाली कापत जाते, तळाची टणक जमीन धरते, बैलांना ओढायला सोपं जातं. धाव बसवतानाचं दृश्य मामांनी इतक्या बारकाईने सांगितलं की जीप विसरायला झालं. गोवऱ्यांचा गोल जाळ, त्यात लालबुंद झालेलं लोखंडी कडं, चिमट्यांनी धरून ते लाकडी चाकावर बसवायचं, लाकूड पेट घ्यायच्या आत घागरी उलट्या करायच्या. पाण्यासरशी चर्र आवाज, धूर, आणि आवळत जाणाऱ्या कड्याखाली पुठ्ठे आणि आरे कुरकुरत एकमेकांत घट्ट बसायचे. “एकदा बसली की वर्षानुवर्षं बघायला नको,” मामा म्हणाले. “हवा भरा म्हून कोणी सांगितलं नाही.”

मामांच्या बोलण्यातला अर्थ असा की उंच आणि अरुंद टायर घ्या. जुने 6.00-16 किंवा फार तर 7.00-16 नायलॉन. तोच टायर जुन्या जीपला कंपनीने का दिला होता याचंही हेच उत्तर. काळी माती म्हणजे कोरडी असताना भेगा आणि ओली झाली की साबण. पाणी पिऊन ती फुगते, टायरच्या बटणांमध्ये जाऊन बसते, आणि दोन फेऱ्यांत बटण टायरचा गुळगुळीत लाडू होतो. त्यानंतर टायर कितीही रुंद असो, तो मातीवर नव्हे, मातीच्याच लाडवावर फिरतो.

मेव्हण्याने हे ऐकून घेतलं आणि 33 इंची घेतले.

33 का? याला तांत्रिक कारण नव्हतं. कळमनुरीकडच्या एकाच्या जीपला 31 होते.

आता या 33 चं गणित. एकोणतिसाचे तेहतीस झाले म्हणजे उंची चार इंचांनी वाढली, आणि त्यातली निम्मी, म्हणजे दोन इंच, जीपच्या पोटाखाली मिळाली. या दोन इंचांबद्दल एक कबुली द्यायला हवी, कारण ती आम्हाला फार उशिरा समजली. पाट्याखाली ठोकळे टाकून जीप उचलली तेव्हा बॉडी वर गेली, मडगार्ड वर गेलं, मामींचा पाय लटकला, पण मागच्या आखाच्या मधोमध डिफरन्शियलचा जो लोखंडी गोळा असतो तो होता तिथेच राहिला. दगडावर आपटतो तो गोळा. आख चाकाला बांधलेला असतो, त्यामुळे त्याला जमिनीपासून वर न्यायचा उपाय एकच, टायर मोठा करणे. बाकी सगळी उंची ही बघणाऱ्यांसाठी. म्हणजे शॅकल, ठोकळे, वेल्डिंग, मजुरी यांवर जो खर्च झाला तो खरं तर मोठा टायर आत मावावा यासाठी झाला होता, आणि मोठा टायर आला तो उचललेली जीप रिकामी दिसू नये म्हणून. दोघांनी एकमेकांच्या नावावर बिल फाडलं.

टायर नुसते आले नाहीत. मूळच्या डिस्का 16 इंची आणि अरुंद, त्यांवर हे बसेनात. म्हणून 15 इंची रुंद डिस्का आल्या. पाच बोल्ट, साडेपाच इंचांच्या वर्तुळावर, हे जीपचं जुनं गणित. ते जुळणाऱ्या डिस्का शोधायला मेव्हणा नांदेड, अकोला आणि संभाजीनगर अशी यात्रा करून आला. औंढ्याच्या नागनाथाला जेवढ्या वेळा गेला नसेल तेवढ्या वेळा तो भंगार बाजारात गेला. चार टायर आणि चार डिस्का यांची बेरीज लिलावात पडलेल्या जीपच्या दीडपट झाली. नाकापेक्षा मोती जड म्हणतात, पण इथे मोती चार होते. पाचवा घ्यायचे पैसे उरले नाहीत, म्हणून स्टेपनी तीच जुनी 29 ची राहिली.

स्टेपनी हा शब्द इंग्रजांच्या पोरांनाही आज समजत नाही. वेल्समधल्या लानेली गावात स्टेपनी नावाच्या रस्त्यावर 1904 च्या सुमारास दोन भावांनी जादा चाक बनवायचा धंदा काढला, त्या रस्त्याचं नाव आपण चाकाला दिलं आणि अजून सोडलं नाही. आमची स्टेपनी मात्र आता ना जीपची होती ना ट्रॅक्टरची. एक चाक पंक्चर झालं तर तीन चाकं तेहतिसाची आणि एक एकोणतिसाचं, म्हणजे लंगडत घरी. उस्तादांनी ते बघितलं आणि एवढंच म्हणाले, “साब, ये जीप है, ऊंट नई.”

पुढच्या वर्षीच्या दसऱ्याला पूजा झाली. झेंडूचे हार, हळद-कुंकू, चार चाकांखाली चार लिंबं. गेल्या वर्षीपर्यंत लिंबू फुटायचं तसा फट् आवाज यायचा आणि पोरं टाळ्या पिटायची. या वर्षी टायर लिंबावर चढला आणि आवाजच आला नाही. मागे घेतल्यावर पाहिलं तर लिंबू बटणांच्या मधल्या खोबणीत अखंड बसलेलं. मामींनी तोंडाला पदर लावला. अपशकुन की शकुन, हे कोणत्या पोथीत पाहावं ते सुचेना.

जीप चालायला लागली तसे एकेक हिशोब समोर येऊ लागले. स्टिअरिंग पूर्ण वळवलं की टायर पाट्याला घासायचा, म्हणून वळायला आता अर्धा एकर लागतो. पॉवर स्टिअरिंग नाही, त्यामुळे महिनाभरात मेव्हण्याचे दंड फुगले, एवढा एक फायदा. ब्रेक जुनेच, आणि मोठ्या जड चाकाला थांबवताना त्यांना दम लागतो. गिअरचं म्हणाल तर चाक चौदा टक्क्यांनी मोठं झालं म्हणजे प्रत्येक गिअर चौदा टक्क्यांनी जड झाला. पूर्वी तिसऱ्यावर जो चढ निघायचा त्याला आता दुसरा लागतो, आणि चौथा गिअर फक्त उताराला आणि फोटोला. यावर खरा उपाय म्हणजे आखातले क्राऊन-पिनियन बदलून दात जुळवणे. मेव्हण्याने ती किंमत विचारली आणि विषय बदलला.

सगळ्यात मोठी गंमत मीटरची. चालू मीटर असलेली जुनी जीप मी आयुष्यात हीच पाहिली. मीटर बिचारा चाकाकडे बघत नाही, तो आतल्या शाफ्टचे फेरे मोजतो. चाक मोठं झाल्याचं त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. त्यामुळे काटा साठवर असताना जीप अडुसष्टने चालायची, आणि दर आठ किलोमीटरमागे एक किलोमीटर गायब व्हायचा. औंढा जवळ आलं. नर्सीला नामदेवाच्या दर्शनाला जायचं अंतर कमी झालं. डिझेल मात्र पूर्वीइतकं, किंबहुना जास्तच लागायचं, आणि मेव्हणा मीटर बघून ॲव्हरेज काढायचा. “दाजी, पंपावर माप मारायलेत,” तो मला तावातावाने सांगायचा. पंप निर्दोष होता, एवढं मी इथे नोंदवून ठेवतो.

मापावरून एक आठवलं. औंढ्याजवळ लायगोची वेधशाळा होते आहे. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, काटकोनात, आणि त्यांच्या लांबीत प्रोटॉनच्या दहा हजाराव्या भागाइतका फरक पडला तरी तो मोजायचा, अशी तिची योजना. दूर कुठे दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली तर त्याची खबर आमच्या तालुक्याला लागणार. त्याच जिल्ह्यात आम्ही चार सुशिक्षित माणसं टायर आणि मडगार्ड यांच्यामधली जागा बोटं घालून मोजत होतो, आणि दोन बोटं की अडीच यावर एकमत होत नव्हतं.

कायद्याचंही सांगून टाकतो, कारण मला ते सांगितल्याबद्दल घरात बोलणी बसली आहेत. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 म्हणतं की कंपनीने दिलेल्या मापात मूलभूत फेरफार करू नका. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात हेच ठामपणे सांगितलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मालकाला प्रत्येक फेरफारामागे 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. मेव्हण्याने फेरफार मोजायला सुरुवात केली. शॅकल, ठोकळे, डिस्का, टायर. घडवंची धरायची का, असंही त्याने विचारलं. जुन्या गाडीला दर पाच वर्षांनी पासिंग लागतं. तेव्हा जुने टायर चढवायचे आणि मग काढायचे, हा मार्ग बाकड्यावरच्या सगळ्यांना ठाऊक होता. मुलगी दाखवायच्या दिवशी शेजारणीची साडी आणतात तसा.

आणि मग पाऊस आला. अवकाळी, रात्रभर. सकाळी मेव्हणा फुललेल्या चेहऱ्याने माझ्या दारात. “चला दाजी, आज बघू.”

शेतात जायला आमच्या एका ओढ्यातून उतरावं लागतं. पाणी फार नव्हतं, गारा होता. पहिला उतार जीपने झोकात घेतला. मी मनातल्या मनात मामांची माफी मागायच्या बेतात होतो. मधोमध आल्यावर टायरांचा आवाज बदलला, खरखर गेली आणि एक गुळगुळीत, तेलकट आवाज आला. बटणं भरली. मेव्हण्याने रेस दिली, तसे टायर फिरले आणि जीप तिथल्या तिथे खाली बसत गेली, मांडी घालून बसावी तशी. मडगार्डमधल्या त्या अडीच बोटांत माती गच्च ठासली गेली आणि पुढचं चाक अडकलं. इंजिन दोनदा हुंकारलं आणि बंद पडलं.

मी खाली उतरलो. घडवंची आणली होती म्हणून पाय घोट्यापर्यंतच गेला.

“हवा कमी कर,” मी म्हणालो. उस्तादांनी सांगितलं होतं, चिखलात शिरायच्या आधी हवा निम्मी करा, टायर लांबट पसरतो, पकड वाढते. त्याला एक काडी आणि पाच मिनिटं लागतात, पैसे लागत नाहीत. पण ते आधी करायचं असतं. आता वॉलच मातीच्या दोन वीत खाली होता.

तासाभराने एक ट्रॅक्टर आला. दोर लावला, एकदा हिसका दिला, दुसऱ्यांदा दिला, आणि जीप चपचप आवाज करत बाहेर निघाली. चालवणारा पोरगा अठरा-एकोणीस वर्षांचा, पायात चप्पल नाही. दोर सोडताना मी त्याच्या ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाकडे पाहिलं. सवय लागली होती वाचायची. 6.00-16.

मेव्हण्यानेही वाचलं. आम्ही दोघंही त्यावर काही बोललो नाही. पोराला शंभराची नोट दिली तर त्याने घेतली नाही. “राहू द्या मामा, मस्त दिसायली गाडी,” एवढं म्हणाला.

सध्या जीपला 235 रेडियल आहेत, पाचही एका मापाचे. टायर आणि मडगार्डमध्ये पुन्हा पोकळी आहे आणि मांजर परत आलं आहे. मीटर खरं बोलतो, औंढा पुन्हा होतं तिथे गेलं आहे. उचललेले चार इंच उतरवायला मेव्हणा तयार नाही, आणि आता मामींनाही घडवंचीची सवय झाली आहे. गावात दुसऱ्या कोणाची सासू घडवंचीवरून जीपमध्ये चढत नाही.

33 गुणिले 12.5 आर 15 मापाचे चार टायर, डिस्कांसह, विकणे आहेत. एक दसरा आणि एक ओढा एवढेच चालले आहेत. एकाच्या खोबणीत लिंबू आहे, ते काढलेलं नाही. तीन टायर केव्हाही घेऊन जावेत. चौथ्यात कोंबडी खुडूक बसली आहे, त्यासाठी एकवीस दिवस थांबावं लागेल.